आघात, स्मृती आणि कल्पनाशक्ती : रिव्हर्सच्या दोन रुग्णांवरून काही विचार

१

कल्पनाशक्ती हा शब्द साहित्यसमीक्षेने इतका वापरला आहे की, तो केवळ आपल्याच मालकीचा आहे असे समीक्षकांना वाटू लागले तर नवल नाही. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत आणखी एका शास्त्राने हा शब्द आपल्या घरी नेला आहे. ते शास्त्र म्हणजे मानसोपचार. युद्ध, अत्याचार, अपघात, बालपणीचा छळ अशा प्रसंगांनी ज्यांचे मन विदीर्ण झाले आहे, त्यांना बरे करण्याचे एक साधन म्हणून कल्पनाशक्तीचा उपयोग करता येतो, हा विचार आज मानसोपचारात सुप्रतिष्ठित झालेला आहे. त्याचा प्रतिध्वनी साहित्याच्या वर्गांतही ऐकू येतो. साहित्य हे दुःखावरील औषध आहे, लिहिल्याने मन मोकळे होते, म्हणून लिहावे आणि म्हणून वाचावे, असे आपले विद्यार्थी आपल्या निबंधांतून लिहितात आणि आपणही ते फारशी छाननी न करता मान्य करतो.

ही छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कल्पनेने जखम भरते या विधानात दोन अगदी भिन्न अर्थ एकत्र मिसळलेले आहेत. एक अर्थ असा की, कल्पना ही दुःखद स्मृती पुसून टाकते आणि तिच्या जागी एक सुसह्य चित्र बसवते. दुसरा अर्थ असा की, कल्पना स्मृतीला हात लावीत नाही, पण त्या स्मृतीकडे पाहणाऱ्याची जागा बदलते. पहिला अर्थ खरा मानला, तर कल्पना ही सत्याची वैरीण ठरते आणि साहित्याला औषध म्हणणे ही त्याची स्तुती नसून निंदा ठरते. दुसरा अर्थ खरा मानला, तर कल्पना आणि सत्य यांच्यात विरोध उरत नाही. मात्र कल्पनेच्या सामर्थ्याला एक स्पष्ट मर्यादा पडते. माझ्या मते दुसरा अर्थच ग्राह्य आहे. ते दाखवण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळातील एका इंग्रज वैद्याच्या दोन रुग्णांचा मी आधार घेणार आहे. पैकी एक बरा झाला. दुसऱ्याच्या बाबतीत वैद्यालाच हात टेकावे लागले. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसऱ्याचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही.

२

प्रथम पहिल्या अर्थाचे एक शुद्ध उदाहरण पाहू. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने याने १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका तरुणीची हकीकत दिली आहे. तिला डाव्या डोळ्याने दिसत नव्हते आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूची संवेदना नष्ट झाली होती. डोळ्यात तर काही दोष नव्हता. संमोहनावस्थेत असे निष्पन्न झाले की, लहानपणी तिला तिच्या मनाविरुद्ध एका मुलाजवळ झोपवण्यात आले होते आणि त्या मुलाच्या चेहऱ्याची डावी बाजू खरजेसारख्या त्वचारोगाने भरलेली होती. जानेने काय केले? त्याने संमोहनात तिला त्या प्रसंगी परत नेले आणि ते मूल सुंदर आहे, त्याला कसलाही रोग नाही, असे तिला पटवले. तिने त्या काल्पनिक मुलाला कुरवाळले आणि तिची दृष्टी परत आली. याच मारीने एका वृद्ध स्त्रीला जिन्यावरून पडून मरताना पाहिले होते व त्या भीतीचे झटके तिला येत. त्यावरही जानेने हाच उपाय केला. ती वृद्धा केवळ अडखळली, मेली नाही, असे त्याने मारीच्या मनात भरवले.

जानेच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मनाच्या जखमेची मुळे शोधणाऱ्या आद्य संशोधकांत त्याची गणना होते आणि या उपचाराने मारीला दृष्टी मिळाली ही गोष्टही लहान नव्हे. तथापि या उपचारात जी कल्पना वापरली गेली, तिचे स्वरूप काय होते, हे आपण स्पष्टपणे पाहिले पाहिजे. ती रुग्णाची कल्पना नव्हती, वैद्याची होती. ती जाणतेपणी स्वीकारलेली नव्हती, संमोहनात लादलेली होती. मुख्य म्हणजे ती खोटी होती. मुलाला रोग होता, वृद्धा मेली होती. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर हे नवनिर्माण नव्हे. हा मूळ संहितेत घुसडलेला प्रक्षेप आहे. आपल्या संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला प्रक्षेपाचा दोष वेगळा सांगावयास नको. प्रक्षिप्त ओवी मूळ ओवीपेक्षा गोड असू शकते. म्हणून ती मूळ होत नाही.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, रुग्णाला सत्य हवे असते की स्वास्थ्य? आंधळ्या मुलीला दिसू लागले असता प्रक्षेपाची चर्चा करणे हा पंडिती निष्ठुरपणा नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, हे मी मान्य करतो. मारीपुरते त्याचे उत्तर देणे कठीण आहे. परंतु या आक्षेपात असे गृहीत धरलेले आहे की, स्वास्थ्य हवे असेल तर सत्य सोडावेच लागते. हे गृहीत खरे आहे का, हाच खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्याला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याच्या अनुभवात मिळते.

३

रिव्हर्स (१८६४–१९२२) हे नाव भारतीय अभ्यासकाला परके नाही. निलगिरीतील तोडा जमातीवरचा त्याचा ग्रंथ १९०६ साली निघाला आणि मानववंशशास्त्रात तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. महायुद्धात तो लष्करी वैद्य म्हणून एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील रुग्णालयात होता. मनोविकाराने ग्रस्त झालेल्या सैनिकी अधिकाऱ्यांसाठी १९१६ साली ते उघडण्यात आले होते. तेथील अनुभवांवर आधारलेला निबंध त्याने डिसेंबर १९१७ मध्ये लंडनला वैद्यकीय सभेपुढे वाचला आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी अशा रुग्णांना ‘ते विसरा, मन दुसरीकडे वळवा’ असा सल्ला सर्रास दिला जाई. रिव्हर्सचे म्हणणे याच्या विरुद्ध होते. त्याच्या मते पुष्कळदा रोग अनुभवामुळे टिकून राहत नाही. तो अनुभव मनातून हुसकून लावण्याच्या अविरत धडपडीमुळे टिकून राहतो. मात्र त्याच अनुभवात सतत बुडून राहावे असेही तो म्हणत नव्हता. त्यानेही हानी होते हे त्याने नोंदवलेले आहे.

त्या निबंधातील एक रुग्ण असा : हा अधिकारी आपल्या मित्राला शोधण्यासाठी रणभूमीवर गेला असता त्याला त्याचे छिन्नविच्छिन्न शरीर सापडले. डोके आणि हातपाय धडापासून वेगळे होऊन पडले होते. तेव्हापासून तो मित्र रोज रात्री त्याच्या स्वप्नात येऊ लागला. कधी तो रणांगणावर दिसला तसाच तुटलेला येई; कधी याहूनही भयंकर, म्हणजे महारोगाने अवयव झडलेल्या रूपात येई. तो जवळ जवळ येत जाई आणि रुग्ण घामाने निथळत किंचाळण्याच्या बेतात जागा होई. दिवसा तो सारे विसरण्याचा आटोकाट प्रयत्न करी. रात्री त्याची सव्याज वसुली होई.

रिव्हर्सने त्याला एकच गोष्ट सांगितली. शरीराची ही अवस्था हाच पुरावा आहे की, तुमच्या मित्राला तत्क्षणी मरण आले. जखमी होऊन दीर्घकाळ तळमळत पडणाऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या यातना त्याला भोगाव्या लागल्या नाहीत. रुग्णाचा चेहरा उजळला. विसरण्याची धडपड सोडून या अंगाने तो त्या घटनेचा विचार करू लागला. काही रात्री स्वप्न पडलेच नाही. नंतर पडले, तेव्हा तो रणभूमीवर मित्राला शोधत होता आणि तेच छिन्न शरीर त्याला दिसले. पण भय वाटले नाही. प्रत्यक्षात त्याने जसे केले होते तसेच स्वप्नात तो गुडघे टेकून बसला आणि मित्राच्या आप्तांसाठी त्याच्या अंगावरील मौल्यवान वस्तू काढून घेऊ लागला. त्याचा पट्टा सोडवीत असता तो जागा झाला. तो रडत होता, पण ते रडणे भीतीचे नव्हते, केवळ वियोगाचे होते. त्यानंतरच्या एका स्वप्नात तो मित्र त्याला भेटला. दोघे बोलले. आपण कसे आजारी पडलो आणि आता तुझ्याशी न भिता कसे बोलू शकतो, हे त्याने मित्राला सांगितले.

या हकीकतीतील एका तपशिलाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अखेरच्या स्वप्नातसुद्धा मित्राचे शरीर छिन्नविच्छिन्नच आहे. ते सांधले गेलेले नाही. जानेच्या पद्धतीने गेले असते तर मित्र धडधाकट, हसतमुख होऊन आला असता. येथे तसे झाले नाही. स्वप्नाने, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या कल्पनेने, घटनेतील एक अक्षरही बदलले नाही. जे गेले ते महारोगाचे रूप. आणि ते तर भयाने स्वतःहून चढवलेले होते. म्हणजे उपचारानंतर रुग्णाचे स्वप्न सत्यापासून दूर गेले नाही, ते सत्याच्या अधिक जवळ आले. मित्राच्या अंगावरील वस्तू काढून घेण्याचे जे स्नेहाचे कृत्य त्याने प्रत्यक्षात केले होते आणि जे भीतीच्या लोंढ्यात वाहून गेले होते, ते कल्पनेने त्याला परत आणून दिले. कल्पनेने येथे काही रचले असेल, तर ते एक संभाषण. तेही घटनेच्या आतले नाही, घटनेनंतरचे आहे.

४

हे जे घडले, त्याला आपल्या साहित्यशास्त्रात शब्द आहे काय? रसप्रक्रियेचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. एक, विशिष्ट देशकालाच्या आवेशात सापडणे, म्हणजे हे माझेच, हे परक्याचेच, येथलेच, आत्ताचेच, अशा जाणिवेने जखडून जाणे. दुसरे, स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. ही विघ्ने दूर होतात तेव्हा भावाचे साधारणीकरण होते आणि प्रेक्षक भयप्रद दृश्यही पळून न जाता पाहू शकतो.

आता आघातग्रस्त मनाचे वर्णन याहून नेमक्या शब्दांत करता येईल असे मला वाटत नाही. ‘आघातोत्तर तणावविकार’ हे नाव अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली आले. त्याचे एक प्रमुख लक्षण असे की, झालेली घटना झालेली म्हणून आठवत नाही. ती आत्ताच घडत आहे अशी पुन्हापुन्हा अंगावर येते. हा देशकालाच्या आवेशाचाच एक उग्र प्रकार होय. स्मृती हे भूतकाळाचे वर्तमानात राहून केलेले दर्शन असते; येथे वर्तमानच नाहीसे होते आणि पाहणारा उरत नाही.

मात्र या साम्याने हुरळून जाऊन रिव्हर्सच्या रुग्णाला करुण रसाचा अनुभव आला असे आपण म्हणू लागलो, तर ती मोठी चूक होईल. आपल्या मित्राच्या मृत्यूने होणारा शोक हा लौकिक भाव आहे. तो रस नव्हे, हे रसवादी आचार्यांनी निक्षून सांगितले आहे. रुग्ण भयाकडून शोकाकडे आला; शोकाकडून करुणाकडे गेला नाही, आणि जाण्याची गरजही नव्हती. उपचाराची वाट जेथे संपते तेथून कलेची वाट सुरू होऊ शकते. सुरू झालीच पाहिजे असे नाही. जो अद्याप भयातच आहे त्याच्याकडून काव्याची अपेक्षा करणारे आणि ज्याने काव्य लिहिले तो बरा झालाच असे मानणारे, असे दोघेही ही सीमारेषा पुसून टाकतात.

आधुनिक मराठी समीक्षेतील एक कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना आपल्या परिचयाची आहे. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण आपण आपणच आहोत ही जाणीव सोडीत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असा त्या विचाराचा सारांश. केळकर आनंदाची मीमांसा करीत होते, दुःखाची नव्हे. तरीही त्यांनी वर्णिलेली ही दुहेरी अवस्था हाच कल्पनेने होणाऱ्या उपचाराचा कणा आहे. रुग्णाने त्या प्रसंगी परत जावयाचे आहे, पण आजचा राहूनच जावयाचे आहे. एकरूपता नसेल तर उपचार पोकळ शब्द होतो. आजचे भान सुटले तर उपचार म्हणजे दुसरा आघात होतो.

५

येथपर्यंत कल्पनेच्या यशाची कथा झाली. आता अपयशाची. त्याच निबंधात रिव्हर्सने आणखी एका तरुण अधिकाऱ्याची हकीकत दिली आहे. तोफगोळ्याच्या स्फोटाने तो फेकला गेला आणि त्याचे तोंड, मरून काही दिवस झालेल्या एका जर्मन सैनिकाच्या फुगलेल्या पोटावर आपटले. पोट फुटले. शुद्ध हरपण्यापूर्वी आपल्या तोंडात काय भरले आहे हे त्याला कळले होते. पुढे ती चव आणि तो वास त्याचा पिच्छा सोडीना.

रिव्हर्सने या घटनेतही एखादे आधाराचे अंग सापडते का हे शोधले. त्याला ते सापडले नाही, आणि सापडले नाही हे त्याने मोकळेपणाने लिहिले. या अधिकाऱ्याला रणभूमीपासून दूर, खेड्यापाड्यांच्या मोकळ्या परिसरात गेल्यावर थोडा आराम वाटे. म्हणून त्याने सैन्य सोडून तशा ठिकाणी जावे, असा निर्णय झाला.

या प्रामाणिक कबुलीला मी फार महत्त्व देतो. रिव्हर्सला काहीतरी रचता आले नसते असे नाही. जानेप्रमाणे तो म्हणू शकला असता की, तो चिखल होता. पण त्याची पद्धती घटनेत मुळात असलेल्या एखाद्या दुर्लक्षित सत्यावर उभी होती. तसे सत्यच नसेल तर कल्पनेला पाय ठेवण्यास जागा नाही, हे त्याने ओळखले. ज्या उपचाराला अपयश येऊ शकते त्याच्याच यशाला अर्थ असतो. वाटेल त्या घटनेतून सांत्वन काढून देणारी कल्पना ही कल्पना नसून वक्तृत्व असते.

या दोन प्रसंगांतील भेद केवळ तीव्रतेचा नाही, प्रकाराचाही आहे. पहिला अनुभव मुख्यतः डोळ्यांचा आहे; दुसरा जिभेचा आणि नाकाचा आहे. दृश्य वस्तू आपल्यापासून अंतरावर असते आणि म्हणूनच पाहणाऱ्याला आपली जागा बदलता येते. चव आणि वास यांना अंतर नाही. ती शरीरात शिरलेली असतात. नाट्यशास्त्राने प्रयोगाला दृश्य आणि श्राव्य म्हटले, ते सहज नव्हे. रस हा शब्द आपण जिभेवरून उचलला खरा, पण रंगभूमीवर जिभेला काही दिले नाही. जुगुप्सेला बीभत्साच्या पदवीस चढवावयाचे तर ती प्रथम दृश्य व्हावी लागते. या तरुणाच्या वाट्याला तेवढेही अंतर आले नाही. प्रतिमेच्या साहाय्याने चालणाऱ्या कोणत्याही उपचाराने ही मर्यादा ध्यानी घ्यावी.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांचे रुग्णालय होते. सामान्य शिपायांवर तेव्हा कोणते उपचार होत, हे लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयातील लुइस यीलंड याच्या १९१८ सालच्या ग्रंथावरून कळते. मुके झालेल्या शिपायाला बोलते करण्यासाठी तेथे विजेचे धक्के वापरले जात. म्हणजे ज्याच्याशी संवाद करावा, ज्याच्या स्वप्नांना अर्थ असतो असे मानावे, असा रुग्ण कोण, हे पुष्कळ अंशी सामाजिक दर्जावर ठरत होते. आणि संवादाने बरा झालेला अधिकारीही अखेर कोठे जाणार होता? पुन्हा त्याच रणांगणावर. रिव्हर्सला हे शल्य बोचत होते. पण उपचाराचे प्रयोजन तो एकटा ठरवू शकत नव्हता.

६

क्रेगलॉकहार्टला १९१७ साली दोन कवीही होते. सीगफ्रीड ससून हा रिव्हर्सचा रुग्ण, तर विल्फ्रेड ओवेन हा आर्थर ब्रॉक नावाच्या वैद्याचा. ब्रॉकची पद्धती निराळी होती. तो कामाने उपचार करी आणि ग्रीक पुराणातील अँटीअसचा दाखला देई. अँटीअस हा पृथ्वीचा पुत्र. पाय जमिनीला टेकलेले असेपर्यंत अजिंक्य. आघाताने माणूस भूमीपासून उचलला जातो, त्याचे पाय पुन्हा जमिनीला लागले पाहिजेत, असा त्याचा आशय. त्याने ओवेनला या विषयावर कविता लिहावयास लावले आणि रुग्णालयाच्या ‘हायड्रा’ या मासिकाचे संपादन त्याच्याकडे आले.

साहित्य हे औषध आहे असे मानणाऱ्यांना ओवेनचे उदाहरण फार आवडते. पण ते नीट पाहिले पाहिजे. अँटीअसवरील कविता आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वाचत नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये ओवेनने ‘डल्से एट डेकोरम एस्ट’ या कवितेचा पहिला खर्डा केला आणि ती विसाव्या शतकातील युद्धकाव्याचा मानदंड ठरली. विषारी वायूने गुदमरणारा एक सैनिक कवीच्या स्वप्नांत त्याच्याकडे झेपावत येतो, हा तिचा गाभा. रिव्हर्सच्या पहिल्या रुग्णाच्या स्वप्नाशी हे स्वप्न जुळते. परंतु ओवेन त्या सैनिकाजवळ गुडघे टेकून बसत नाही आणि त्याच्याशी समेटाचे बोलतही नाही. तो वळतो आणि घरी सुरक्षित बसून देशासाठी मरणे गोड असते असे मुलांना शिकवणाऱ्या माणसाला ते स्वप्न दाखवतो. ही कविता स्वप्न शमवत नाही. ते ज्यांना पडावयास हवे होते त्यांच्याकडे पोचते करते.

ओवेन या कवितेने बरा झाला काय? हा प्रश्न साहित्यसमीक्षेने विचारू नये, असे माझे मत आहे. तो सेवेस योग्य ठरला, आघाडीवर परतला आणि युद्ध संपण्यास एक आठवडा उरला असता, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, मारला गेला. कवितेचे मूल्य त्याच्या प्रकृतीच्या नोंदवहीत शोधणे जितके चूक, तितकेच उपचाराचे मूल्य रुग्णाने लिहिलेल्या ओळींच्या गुणवत्तेवर ठरवणेही चूक. उपचारातील कल्पना एका माणसाला त्याच्या आजच्या दिवसात परत आणते. तेवढे झाले की ती कृतार्थ झाली. काव्यातील कल्पनेवर दुसरीही जबाबदारी असते. जे सहन होऊ नये ते वाचकाला सहज सहन होणार नाही, याची दक्षता तिला घ्यावी लागते.

अॅरिस्टॉटलच्या कॅथार्सिसचा इतिहासही हेच शिकवतो. याकोब बर्नेझ या जर्मन पंडिताने १८५७ साली त्या शब्दाचा वैद्यकीय अर्थ, म्हणजे विरेचन हा अर्थ, आग्रहाने मांडला. पुढे १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी आपल्या पद्धतीला तेच नाव दिले. बर्नेझ हा फ्रॉइडच्या पत्नीचा चुलता होता. काव्यशास्त्रातून वैद्यकात गेलेला शब्द वैद्यकाचे वजन घेऊन पुन्हा काव्यशास्त्रात आला आणि ‘मन मोकळे होणे’ हेच शोकात्मिकेचे प्रयोजन आहे असा समज दृढ झाला. रिव्हर्सच्या रुग्णाचे मन नुसते मोकळे झाले नव्हते. त्याला एक गोष्ट नव्याने कळली होती. कळणे हा त्या उपचाराचा प्राण होता.

७

आता आजच्या पद्धतींकडे वळू. दोन पद्धती विशेष रूढ आहेत. एकीत रुग्ण आपले दुःस्वप्न जागेपणी आठवतो, त्यात आपल्याला योग्य वाटेल तो बदल करून ते लिहितो आणि ते नवे स्वप्न रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणतो. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या १६८ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सरावाने दुःस्वप्ने लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे आढळले. दुसरी पद्धती प्रतिमांच्या पुनर्लेखनाची. तीत रुग्ण बालपणीचा आघातप्रसंग मनात उभा करतो आणि आजच्या प्रौढ रूपात त्या प्रसंगात शिरतो. छळणाऱ्याला अडवतो, त्या मुलाला उचलून घेतो, त्याला काय हवे ते विचारतो. ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि नेदरलँड्समधील १५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात ही पद्धती डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेल्या प्रचलित उपचाराइतकीच गुणकारी ठरली.

पहिली पद्धती आपल्या कसोटीला सहज उतरते. स्वप्न ही साक्ष नव्हे. ती रुग्णाचीच रचना आहे आणि आपली रचना बदलण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसरीविषयी मात्र शंका येते. प्रौढ माणूस त्या खोलीत कधी शिरलाच नव्हता. मग हा जानेचाच प्रक्षेप नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. मारीला मूळ घटना विसरावयास लावण्यात आले होते. येथे रुग्ण जागा आहे; प्रत्यक्षात कोणीही आले नाही हे त्याला ठाऊक आहे आणि पुढेही ठाऊक राहते. बदलते ते त्या घटनेने मनावर कोरलेले विधान. ‘माझेच चुकले’, ‘मी याच लायकीचा आहे’, ही ती विधाने. ती घटनेचा भाग नव्हती. मित्राच्या शरीरावर चढलेल्या महारोगाप्रमाणे ती भयाची भर होती. प्रौढ रूपाचे खोलीत शिरणे म्हणजे ‘हे व्हावयास नको होते, आणि त्यात त्या मुलाचा दोष नव्हता’ या सत्याला दिलेले दृश्य रूप होय. घटनेच्या दृष्टीने ते काल्पनिक आहे. न्यायाच्या दृष्टीने ते खरे आहे.

धोका नाही असे मात्र नाही. रिव्हर्सच्या केंब्रिज परंपरेत वाढलेल्या बार्टलेटने १९३२ सालीच दाखवून दिले होते की, आठवणे ही नक्कल नसून पुनर्रचना आहे. लॉफ्टस आणि पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रसिद्ध प्रयोगात, बालपणी बाजारसंकुलात हरवल्याची न घडलेली घटना २४ पैकी सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींनी पूर्णतः वा अंशतः ‘आठवली’. जेथे घटना मुळातच धूसर आहे, तेथे कल्पनेने ती शोधू पाहणारा वैद्य शोध न घेता निर्मिती करीत असतो; आणि त्या निर्मितीने निरपराध माणूस आरोपी होऊ शकतो किंवा खऱ्या पीडिताची साक्ष संशयास्पद ठरू शकते. म्हणून नियम असा असावा : स्मृतीकडे पाहण्यासाठी कल्पना वापरावी, स्मृती मिळवण्यासाठी वापरू नये.

८

शेवटी आपल्या वाङ्मयातील एका उदाहरणाचा निर्देश करतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभी शिकलेला, नोकरीतला, लेखक झालेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचे आयुष्य भोगलेला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. एक सांगतो, दुसरा ऐकतो. एकाच माणसाची ही दोन रूपे आहेत. भोगणारा आणि पाहणारा यांच्यात अंतर निर्माण करण्याची जी युक्ती मानसोपचाराने प्रयोगांनी सिद्ध केली, ती येथे एका लेखकाला आपल्या निवेदनाच्या गरजेतून सापडली. साम्य एवढेच. या पुस्तकाला उपचार म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कारण दगडूची जखम हा दगडूचा आजार नाही. आजार समाजाचा आहे आणि समाजाने अद्याप उपचार करून घेतलेला नाही. दगडू बरा झाला असे म्हणून पुस्तक मिटणारा वाचक आपलीच सुटका करून घेत असतो.

एकंदर विचाराचे फलित असे की, कल्पनाशक्ती जखम भरू शकते, पण काही अटींवर. ती रुग्णाची स्वतःची असावी. तो जागा असता आणि त्याच्या संमतीने ती चालावी. घटनेला तिने हात लावू नये; भयाने घटनेवर जे चढवले असेल तेच उतरवावे. आणि जेथे आधाराचे अंग नसेल तेथे ते नाही असे म्हणण्याचे धैर्य वैद्यापाशी असावे. या अटी पाळणारी कल्पना सत्याला सोडत नाही; माणसाला सत्यासमोर उभे राहता येईल इतकी जागा ती करून देते. मित्राचे शरीर तुटलेलेच राहिले आणि तरी त्याच्याशी बोलता आले, या एका स्वप्नात हे सारे आलेले आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्या तरुण अधिकाऱ्यालाही विसरू नये, ज्याला कोणतेही स्वप्न उपयोगी पडले नाही आणि ज्याला वैद्याने, अन्य काही देता येत नाही म्हणून, मोकळ्या रानाकडे जाऊ दिले.